मनिलाच्या उपसागराचा पूर्वेतिहास : एक ताम्रपट व दोन खरेदीखतें

१. मनिला शहर ता. २४ जून १५७१ रोजीं स्पॅनिश सेनानी मिगेल लोपेझ दे लेगास्पी यानें वसविलें, असें विधान बहुतेक ग्रंथांत आढळतें. ज्या अर्थानें तें केलें जातें, त्या अर्थानें तें खरेंहि आहे. कारण स्पेनच्या राजाच्या नांवानें नगरसभा नेमून शहरास सनदशीर रूप त्या दिवशीं देण्यांत आलें. परंतु या विधानामागून एक दुसरी समजूत नकळत आंत शिरली आहे. ज्या उपसागराच्या कांठीं हें शहर उभें आहे, त्याचा इतिहासच त्या दिवशीं सुरू झाला. तत्पूर्वीं तेथें कांहीं झोपड्या व होड्या होत्या. लेख, कायदा व कालगणना हीं तिन्ही पाश्चात्त्यांच्या जहाजांतून प्रथम उतरलीं, असा तिचा इत्यर्थ. ही समजूत अस्सल साधनांच्या कसास लावून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय दूर देशचा असला तरी आपल्याकडील संशोधकांस तो परका वाटूं नये. या उपसागराचा उपलब्ध असलेला पहिला अस्सल लेख तांब्याच्या पत्र्यावरचा असून त्याचा आरंभ आपल्याच शालिवाहन शकानें होतो.

२. प्रथम स्थलवर्णन थोडक्यांत देतों. फिलिपाइन द्वीपसमूहांतील लुझोन या मोठ्या बेटाच्या पश्चिम अंगास हा उपसागर आहे. त्याच्या मुखाशीं कोरेहिदोर नांवाचें छोटें बेट पहाऱ्यासारखें उभें असून आंत पाणी शांत व खोल आहे. पूर्व कांठावर पासिग नदी समुद्रास मिळते. ही नदी लगुना नांवाच्या विस्तीर्ण सरोवरांतून निघते. म्हणजे समुद्रावरून आलेला माल होडींतून थेट बेटाच्या पोटांत नेतां येतो. नदीच्या मुखाशीं दक्षिण तीरावर मनिला व उत्तर तीरावर तोंदो अशीं दोन ठाणीं होतीं. ज्याच्या हातीं नदीचें मुख, त्याच्या हातीं बेटाचा व्यापार, हें येथील राजकारणाचें सूत्र होय. मनिला हें नांव ‘माय-निला’, म्हणजे जेथें नीळ उगवते तें स्थळ, यावरून आलें असा अभ्यासकांचा कल आहे. आणि त्यांतील ‘निला’ हा शब्द संस्कृत ‘नील’ याचेंच रूप होय.

३. आतां मुख्य साधनाकडे वळूं. इ. स. १९८९ सालीं लगुना सरोवरास मिळणाऱ्या लुम्बान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसतांना एका मजुरास तांब्याचा एक काळवंडलेला पत्रा सांपडला. तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला. तेथें गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें अखेर १९९० मध्यें मनिलाच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयानें घेतला. एखाद्या हौशी धनिकास तो आवडला असता तर त्याचें वाचन आणखी किती वर्षें लांबलें असतें, हें आपल्याकडील संग्राहकांस सांगावयास नको. आंतोन पोस्तमा या डच विद्वानानें तो वाचून १९९२ सालीं त्याचें सटीप वाचन प्रसिद्ध केलें. लेख दहा ओळींचा आहे. लिपि जावा बेटांत चालत असलेली प्राचीन कावी. भाषा मुख्यतः जुनी मलयी, परंतु तींत संस्कृत शब्दांची रेलचेल असून कांहीं जुने जावी व तागालोग शब्दहि आहेत.

लेखाचा आशय असा. नम्वरान् नांवाच्या प्रतिष्ठित गृहस्थाकडे १ काटी व ८ सुवर्ण इतक्या सोन्याचें ऋण होतें. तें माफ झाल्याबद्दल त्याची कन्या अंकातान् व तिचा भाऊ बुकः यांस ‘शुद्धपत्र’ देण्यांत येत आहे. यापुढें नम्वरान् याचे पुत्रपौत्र व वंशज या ऋणांतून सर्वथा मुक्त होत. हें पत्र तुन्दुन् येथील ‘सेनापति’ या पदवीच्या अधिकाऱ्याकडून दिलें गेलें आहे. त्यांत पाइलः येथील नायक जयदेव, पुलिरान् येथील नायक कसुमुरान्, पाइलः येथीलच गणशक्ति व बिन्वांगन् येथील बिश्रुत, म्हणजे विश्रुत, अशीं नांवें येतात. तुन्दुन् म्हणजेच तोंदो, याविषयीं बहुतेक विद्वानांचें एकमत आहे. पुलिरान् वगैरे स्थलांच्या निश्चितीबद्दल मात्र वाद आहे. पुढें कोणी या ऋणाबद्दल तक्रार उकरून काढील तर, अशा अर्थाच्या वाक्याच्या मध्येंच पत्रा संपतो. यावरून मूळ लेख एकाहून अधिक पत्र्यांचा असावा, हें उघड आहे.

आपल्याकडील दप्तरें चाळणारास हा प्रकार चांगला ओळखीचा वाटेल. ही सरळ फारखती आहे. कर्ज फिटल्याची नोंद, वारसांची मुक्तता, शेजारच्या ठिकाणच्या नायकांची नांवें व पुढील तक्रारीचा बंदोबस्त हीं चारहि अंगें त्यांत आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋण फेडल्यावर मूळ खत फाडावें, अथवा शुद्धीसाठीं दुसरें लेख्य करून घ्यावें, असा नियम आहे. ‘शुद्धपत्र’ या शब्दाचें मूळ त्याच कल्पनेंत आहे. आज आपण हा शब्द छपाईच्या चुका दाखविणाऱ्या पानास लावतों. पण हजार वर्षांपूर्वीं मनिलाच्या उपसागरावर तो त्याच्या मूळच्या व्यवहारी अर्थानें चालत होता. ‘सुवर्ण’ हेंहि धर्मशास्त्रांतील सोळा माषांचें जुनें मानच होय.

४. या लेखाची मिति तपासून पाहण्याजोगी आहे. ‘स्वस्ति’ या मंगलवाचक शब्दानंतर शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार, असा तपशील आहे. ‘अतीत’ या शब्दावरून हें शकवर्ष गत समजावयाचें. त्यांत ७८ मिळविले म्हणजे इ. स. ९०० येतें. गणित करतां ता. २१ एप्रिल ९०० या दिवशीं सोमवार येतो व कृष्णपक्षांतील चतुर्थीहि मिळते. विशेष हा कीं, ही मिति अमान्त गणनेनेंच जुळते. उत्तर हिंदुस्थानांतील पूर्णिमान्त पद्धतीनें हाच पंधरवडा ज्येष्ठ वद्य ठरला असता. म्हणजे दक्षिणेंतील पंचांगकर्त्यानें त्या दिवसाची जी मिति लिहिली असती, वैशाख वद्य ४ सोमवार शके ८२२, तीच लुझोन बेटांतील लेखकानें लिहिली. त्या वेळीं महाराष्ट्रावर राष्ट्रकूट घराण्यांतील दुसरा कृष्ण राज्य करीत होता व आपल्याकडेहि ताम्रपटांवर हाच शक कोरला जात होता. वार, तिथि, पक्ष, मास व शक हीं पांचहि अंगें परस्परांशीं जुळतात, ही गोष्ट लेखाच्या अस्सलपणास मोठीच पुष्टि देणारी आहे. बनावट कागद करणारा नेमका याच ठिकाणीं फसतो.

५. यावरून काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. शक आपला, शब्द संस्कृत, नांव जयदेव. म्हणून तेथें हिंदी राज्य होतें, असें अनुमान करण्याचा मोह आपल्याकडील कित्येक लेखकांस होतो. तो निराधार आहे. लिपि जावी आहे, भाषा मलयी आहे. मेदांग नांवाच्या ठिकाणच्या प्रमुखाचा लेखांत उल्लेख असून तो जावांतील त्या नांवाच्या राज्यास अनुलक्षून असावा असें पुष्कळांस वाटतें. हा संस्कार जावा, सुमात्रा व मलय या मार्गानें, तेथील लोकांनीं आत्मसात् केल्यानंतर, लुझोनपर्यंत पोंचला. आजच्या तागालोग भाषेंत ‘गुरो’, ‘मुख’ व ‘दुख’ हे शब्द आहेत, तसाच किंमत या अर्थाचा ‘हलगा’ हा ‘अर्घ’ शब्दापासून आलेला शब्दहि आहे. पण शब्द प्रवास करतो म्हणून त्याच्या मागोमाग राजा प्रवास करतोच असें नाहीं. ताम्रपटानें सिद्ध होतें तें एवढेंच, आणि तें थोडें नव्हे: इ. स. ९०० मध्यें या उपसागराच्या परिसरांत तोलून सोनें देण्याघेण्याचा व्यवहार होता, ऋणाचा वारसा चालत होता, निवाडा करणारे अधिकारी होते, आणि निवाडा लेखी होत असे.

यानंतर १५७० पर्यंतच्या सुमारें पावणेसातशें वर्षांसाठीं परकीयांच्या नोंदींवर अवलंबून रहावें लागतें. चिनी अधिकारी चाओ जु-क्वा यानें १२२५ च्या सुमारास मा-यि नांवाच्या देशाचें वर्णन केलें आहे. हा देश मिंदोरो बेट कीं लगुना सरोवराचा कांठ, याबद्दल वाद आहे. परंतु त्यानें दिलेली एक माहिती आपल्या विषयास लागू आहे: तेथील व्यापारी चिनी जहाजांवरचा माल उधारीनें उचलून इतर बेटांत नेत, आणि आठनऊ महिन्यांनीं परत येऊन हिशेब चुकता करीत. पोर्तुगीज अधिकारी तोमे पिरेश यानें १५१२ ते १५१५ च्या दरम्यान लिहिलेल्या पूर्वदेशांच्या वृत्तांतांत मलाक्का येथें राहणाऱ्या लुझोनी लोकांचा उल्लेख आहे. या वृत्तांताची एक संपूर्ण प्रत पॅरिसमधील एका ग्रंथालयांत १९३७ सालीं आर्मांदो कोर्तेसाँव यास सांपडली. तोंपर्यंत सवाचारशें वर्षें तो ग्रंथ बव्हंशीं अज्ञातच होता. १५२१ मध्यें मॅजेलनच्या उरलेल्या जहाजांनीं ब्रुनेईजवळ एका राजपुत्रास पकडलें. तो लुझोनच्या राजाचा मुलगा असून ब्रुनेईच्या राजाचा सेनापति होता, असें सफरींतील पिगाफेता हा लेखक सांगतो. मनिलाचें राजघराणें ब्रुनेईच्या सुलतानाशीं सोयरीक राखून होतें व त्याच मार्गानें इस्लाम धर्म तेथें आला होता.

६. मे १५७० मध्यें मार्तिन दे गोइती व हुआन दे साल्सेदो हे पानाय बेटावरून या उपसागरांत शिरले. त्या स्वारीच्या समकालीन वृत्तांतांतून मनिलाचें जें चित्र निघतें, तें रानटी खेड्याचें नव्हे. नदीच्या मुखाशीं लांकडी ओंडक्यांचा कोट व त्यावर तोफा; राजा सुलेमान याच्या वाड्याशेजारीं तोफा ओतण्याचा कारखाना, व त्यांत माती व मेण यांचे सांचे, त्यांपैकीं सर्वांत मोठा १७ फुटी तोफेचा; बंदरांत चार चिनी जहाजें; गांवांत बायकामुलांसह राहणारे ४० चिनी व २० जपानी. मनिलास सुलेमान व त्याचा वृद्ध चुलता राजा आचे ऊर्फ मातांदा, आणि पलीकडे तोंदोस लाकानदुला, अशी सत्तेची वांटणी होती. सुलेमानानें मैत्री कबूल केली, परंतु इतर बेटांतील लोक जो अपमान सोसतात तो आपण सोसणार नाहीं, हेंहि आरंभींच बजावलें. करार रक्तमैत्रीच्या विधीनें झाला. थोड्याच दिवसांत, ता. २४ मे रोजीं, तोफा सुरू झाल्या. गोइतीनें कोट घेतला व मनिला जळून गेली. पुढील वर्षीं मे १५७१ मध्यें लेगास्पी स्वतः आला, तेव्हां तिघां राजांनीं सलोखा केला व स्पॅनिश लेखनिकानें त्याची रीतसर नोंद ठेविली.

ता. ३ जून १५७१ रोजीं तोंदोजवळ बांकुसाय येथील पाण्यावर लढाई झाली. उपसागराच्या उत्तरेकडील माकाबेबे येथील तरुण प्रमुखानें हा सलोखा अमान्य करून आपलें आरमार आणलें होतें. तो लढतां लढतां गोळी लागून पडला. समकालीन वृत्तांतांत त्याच्या शौर्याची साक्ष आहे, पण त्याचें नांव नाहीं. पुढील लेखकांस निनावी वीर सहन झाला नाहीं. कोणी त्यास मनिलाचा सुलेमानच केलें, कोणी तारिक सुलेमान असें वेगळें नांव दिलें. मनिलाचा सुलेमान १५७४ मध्यें चिनी चांचा लिमाहोंग याच्या हल्ल्याच्या वेळीं लाकानदुलासह पुन्हां उठला होता. तेव्हां १५७१ मध्यें तो मरण पावला, हें मत टिकत नाहीं. शूराचें नांव लिहावें ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु जेथें कागदांत नांव नाहीं, तेथें जागा कोरी ठेवणें हाच त्या शूराचा मान होय.

याच मोहाचें मोठें उदाहरण फिलिपाइनच्या इतिहासांत घडलें आहे. होसे मार्को नांवाच्या गृहस्थानें १९१४ मध्यें मनिलाच्या ग्रंथालयास कांहीं हस्तलिखितें दिलीं. त्यांतून १४३३ सालचा कालांतियाव नांवाच्या राजाचा म्हणून एक दंडसंग्रह प्रसिद्धीस आला. पन्नासएक वर्षें तो पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला. विल्यम हेन्री स्कॉट या संशोधकानें १९६८ सालीं स्पॅनिशपूर्व साधनांची छाननी पुरी करून तो बनावट असल्याचें दाखवून दिलें. ज्यांच्याजवळ खरोखरीचें शुद्धपत्र जमिनींत पुरलेलें होतें, त्यांनीं खोटा दंडसंग्रह छातीशीं धरावा, यापरतें साधनशोधाचें महत्त्व सांगणारें दुसरें उदाहरण नाहीं.

७. स्पॅनिश अमलाचा पुढील क्रम सुपरिचित आहे. १५७३ पासून चिनी रेशीम मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराकडे जाऊं लागलें व तिकडून रुपें येऊं लागलें. हा व्यापार १८१५ पर्यंत चालला. १५८० ते १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच असल्यामुळें गोवें, वसई, चौल व मनिला हीं एका मुकुटाखालीं होतीं. जुन्या राजघराण्यांस करवसुलीचें काम राहिलें. १५८७-८८ मध्यें त्यांच्या वंशजांनीं ब्रुनेई व जपानी व्यापारी यांच्या साहाय्यानें स्पॅनिशांस हांकून देण्याचा बेत रचला, तो फुटला. लाकानदुलाचा मुलगा मागात सालामात यास देहांत शिक्षा झाली. मार्तिन पांगा व आगुस्तीन यांचीं शिरें लोखंडी पिंजऱ्यांत टांगावीं, त्यांचीं घरें नांगरून तेथें मीठ पेरावें, असा हुकूम झाला. या आगुस्तीनचें बाप्तिस्म्यानंतरचें आडनांव ‘दे लेगास्पी’ होतें. जेत्याचें नांव धारण करणारा मनुष्यच जेत्याविरुद्ध फांसावर गेला. त्या पिढीचा सारा इतिहास या एका नांवांत आहे.

८. या विध्वंसानंतरहि लेखनपरंपरा मात्र मेली नाहीं. तागालोग लोकांची ‘बायबायिन’ नांवाची स्वतंत्र लिपि होती व ती ब्राह्मीच्याच कुळांतली आहे. प्रत्येक व्यंजनांत ‘अ’ गृहीत. वर टिंब दिलें कीं ‘इ’ किंवा ‘ए’, खालीं दिलें कीं ‘उ’ किंवा ‘ओ’. शब्दान्तींचें हलन्त व्यंजन लिहीतच नसत. वाचकानें तें संदर्भानें जाणावयाचें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद न ठेवतां आपले कारकून राज्याचा कारभार लिहीत, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या लिपीस अपुरी म्हणण्याचें धाडस होणार नाहीं. एका पाद्र्यानें १६२१ मध्यें हलन्तासाठीं क्रुसाचें चिन्ह सुचविलें. तागालोग लोकांनीं तें स्वीकारलें नाहीं. स्त्रिया व पुरुष बहुतेक सर्व लिहितात-वाचतात, अशी साक्ष पेद्रो चिरिनो (१६०४) व आंतोनियो दे मोर्गा (१६०९) या दोघां स्पॅनिश ग्रंथकारांनीं दिली आहे. ती अतिशयोक्तीची धरली तरी, १५९३ मध्यें मनिलास छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तराच्या पुस्तकांत रोमन लिपीबरोबर ही लिपीहि घालावी लागली, हा पुरावा निर्विवाद आहे. त्या पुस्तकाची एकच प्रत आज ज्ञात असून ती वॉशिंग्टन येथें आहे.

परंतु सर्वांत मोलाचीं साधनें दोन जमिनीचीं खरेदीखतें होत. एक १६१३ सालचें, दुसरें १६२५ सालचें. दोन्ही बायबायिन लिपींत व तागालोग भाषेंत असून मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठाच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. दोहोंतहि विकणारी स्त्री आहे व तिच्या नांवामागें ‘दोन्या’ ही स्पॅनिश उपाधि आहे. धर्म बदलला, राजा बदलला, नांव बदललें. पण तोंदोकडची कुलीन स्त्री आपली मालमत्ता स्वतःच्या नांवानें विकते व तिचें खत आपल्या लिपींत करून देते. इ. स. ९०० च्या शुद्धपत्रांत आरंभीं जिचें नांव आहे ती अंकातान् हीहि स्त्रीच. या दोन टोंकांमध्यें सातशें वर्षांचें अंतर आहे व लिप्या वेगळ्या आहेत. म्हणून अखंड परंपरेचा दावा येथें करीत नाहीं. तथापि दोन्ही टोंकांस सांपडतें तें राजाचें स्तोत्र नव्हे, तर सामान्य व्यवहाराचा लेख, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

९. या साधनांची वाताहतहि सांगितली पाहिजे. १७६२ मध्यें मद्रासहून निघालेल्या इंग्रजी मोहिमेनें मनिला घेतली. तींत हिंदी शिपाई होते व त्यांपैकीं कांहीं पुढें काइन्ता गांवीं स्थायिक झाले. त्या लुटींत सान आगुस्तीन मठांतील ग्रंथ व कागद गेले. त्यांतील कांहीं अलेक्झांडर डॅलरिंपल याच्या हातीं पडून इंग्लंडास पोंचले. १५९० च्या सुमारास मनिलांत तयार झालेली, तागालोग स्त्रीपुरुषांचीं रंगीत चित्रें असलेली पोथी इंग्लंडांतील एका उमरावाच्या संग्रहांतून १९४७ सालीं चार्ल्स बॉक्सर यानें विकत घेतली. ती आतां अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत आहे. १९४५ सालच्या लढाईंत जुनी मनिला जवळजवळ नष्ट झाली व तिच्याबरोबर ग्रंथसंग्रहहि जळाले.

जें राहिलें त्याचा उपयोग कसा करावा, याचा धडा होसे रिझाल यानें घालून दिला आहे. त्यानें १८८८-८९ मध्यें लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्यें बसून मोर्गाचा दुर्मिळ ग्रंथ स्वहस्तें उतरून काढला व टिपा जोडून १८९० सालच्या आवृत्तीनें पॅरिस येथून प्रसिद्ध केला. जेत्याच्याच ग्रंथांतून जितांची बाजू वाचून दाखविण्याचा तो प्रयत्न होता. ता. ३० डिसेंबर १८९६ रोजीं स्पॅनिश सरकारनें त्यास गोळ्या घातल्या. त्याच्या कांहीं टिपा आवेशानें लिहिल्या आहेत हें खरें. पण जो ताम्रपट त्याच्या टिपांस आधार झाला असता, तो त्या वेळीं नदीच्या वाळूंत होता.

१०. तेव्हां निष्कर्ष असा कीं, १५७१ हें साल मनिलाच्या उपसागराच्या इतिहासाचा आरंभ नसून त्यांतील एका राज्यक्रांतीची मिति आहे. तिच्या अलीकडे व पलीकडे त्या कांठावरील लोक लेख करून देत व घेत होते. शके ८२२ च्या पत्र्याचें वाक्य अर्ध्यावर तुटलें आहे; त्याचा जोडपत्रा असल्यास तो लुम्बानच्या वाळूंत, किंवा एखाद्या घरीं तांब्याचा तुकडा म्हणून पडलेला असेल. आपल्याकडेहि मोडी फारखत्या, खरेदीखतें व देवघरांत हळदकुंकवाखालीं बुजलेले पत्रे थोडे नाहींत. लढायांच्या बखरींपुढें अशा किरकोळ दिसणाऱ्या कागदांस कमी लेखण्याची आपली संवय आहे. एका कर्जाच्या फारखतीनें एका देशाचा इतिहास सहाशें सत्तर वर्षांनीं मागें नेला, एवढें लक्षांत ठेवून संग्राहकांनीं आपले रुमाल पुन्हां एकदां सोडावे.